सड्याला पोटखराब म्हणणं आता थांबवूया

काकांनी घरामागे विहीर खणायला घेतली तेव्हा मी सातवीत होते. रत्नागिरीच्या दक्षिणेला समुद्रापासून फार लांब नाही असं आमचं गाव, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि खाली वाडी. आधी जांभा, म्हणजे तांबडा चिऱ्याचा दगड, लागला, तो बरेच दिवस चालला, मग पांढरी-गुलाबी चिकट माती लागली आणि एक दिवस सकाळी खालून घमेलं वर आलं त्यात काळंभोर काहीतरी होतं, कोळशासारखं पण कोळशाइतकं कडक नाही, ओलं, आणि त्याला एक कुजकट वास. काकांनी एक तुकडा हाताने फोडला तर तो पुस्तकासारखा उघडला आणि आत एक अख्खं पान होतं. शिरा दिसत होत्या, मधली दांडी दिसत होती, कडेला थोडं कुरतडल्यासारखंही होतं. आम्ही सगळे बघत राहिलो. आजी म्हणाली जुनं लाकूड असेल गाडलेलं, ठेवा तिकडे गडग्यावर. दुपारपर्यंत उन्हात त्याला भेगा पडल्या, पापुद्रे सुटले, आणि संध्याकाळी मी बघायला गेले तर नुसता चुरा उरला होता. कुणी फोटो काढला नाही, किती फुटावर लागलं ते कुणी लिहिलं नाही, बाकीचं सगळं काळं घमेल्याघमेल्याने माडांच्या मुळात गेलं.

ते लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा, होतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. रत्नागिरीच्या किनारपट्टीत जांभ्याखाली असा लिग्नाइटचा आणि पानांचे ठसे असलेल्या मातीचा थर सापडतो, तो साधारण मायोसीन काळातला मानतात, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षं यांच्या मधला कुठला तरी. ते पान गडग्यावर अर्धा दिवस टिकलं. हे मला अजून सलतं, आणि आज जे लिहितेय ते त्यामुळेच लिहितेय.

मला सांगायचंय ते एवढंच की पृथ्वीचा काळ जागेला बांधलेला असतो, ती जागा गेली की तो काळ वाचायची सोय गेली, आणि आपण कोकणात अशा जागा सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे पीक न येणारी जमीन, असं लिहून मोकळे होतो, खणतो, बुजवतो आणि एक ओळ लिहून ठेवत नाही. खणू नका असं माझं म्हणणं नाहीये. लिहून ठेवल्याशिवाय खणू नका असं आहे.

आता हा काळ जागेला बांधलेला कसा ते जरा नीट सांगते, कारण शाळेत-कॉलेजात हे कुणी असं सांगत नाही. आम्हाला भूशास्त्रीय कालमापनाचा तक्ता पाढ्यासारखा पाठ करायला लावला होता. कॅम्ब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिलुरियन, डेव्होनियन, परीक्षा झाली की विसरा. ही नावं आली कुठून ते कुणी सांगितलं असतं तर मी आयुष्यात विसरले नसते. कॅम्ब्रिया हे वेल्सचं जुनं लॅटिन नाव. ऑर्डोव्हिशेस आणि सिलुरेस या तिथल्याच जुन्या जमाती. डेव्होन हा इंग्लंडमधला एक जिल्हा. पर्मियन हे नाव मर्चिसन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये रशियातल्या पर्म भागावरून दिलं, जुरासिक हे जुरा डोंगरावरून. म्हणजे ज्या माणसांनी आपल्या आजूबाजूचे दगड बघितले, थर मोजले, लिहून ठेवले, त्यांच्या गावाचं नाव कोट्यवधी वर्षांच्या काळाला मिळालं. दगड तर सगळ्यांकडेच होते, त्यांनी त्यांच्याकडचे लिहून ठेवले.

आणि पद्धत काय होती, तर आमच्या विहिरीत दिसली तीच. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. निकोलस स्टेनोने हे १६६९ मध्ये मांडलं, ऐकायला इतकं साधं वाटतं की यात काय शोध असं वाटेल. पण त्यावरूनच आमच्या विहिरीचं सांगता येतं की पान आधी गाडलं गेलं आणि डोक्यावरचा जांभा नंतरचा, मग त्या जांभ्याचं वय नक्की किती ते माहीत नसलं तरी चालतं. एकोणिसाव्या शतकात बहुतेक सगळा तक्ता असाच तयार झाला, कुठला थर कुणाच्या वर, कुठल्या थरात कुठले जीवाश्म, एवढ्यावर. वर्षांचे आकडे विसाव्या शतकात आले, युरेनियमसारखी मूलद्रव्यं ठराविक वेगाने बदलतात हे कळल्यावर. आर्थर होम्सने १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय साधारण ४५५ कोटी वर्षं काढलं आणि आजही आकडा जवळपास तिथेच आहे.

तक्त्यात सगळ्यात मोठा भाग इऑन, त्यात इरा, त्यात पिरियड, मग इपॉक, मग एज. मराठीत महाकल्प, कल्प असे शब्द आहेत आणि ते चांगले आहेत. लोक विचारतात की हे भाग सारखे का नाहीत, प्रोटेरोझोइक हा इऑन जवळजवळ १९६ कोटी वर्षांचा आणि आपण ज्यात आहोत तो होलोसीन इपॉक फक्त ११,७०० वर्षांचा, हा कसला हिशोब. मला यात विचित्र काही वाटत नाही. आपल्या गावात तरी कोण सारखे भाग करतं? मिरगाच्या आधी, गणपतीनंतर, शिमग्याला, असंच बोलतो ना आपण, आणि आजी तर वर्षाचा आकडा कधी सांगायचीच नाही, प्लेगच्या साली, मोठं वादळ झालं त्या साली, असंच. काहीतरी बदललं की तिथे रेघ मारायची. भूशास्त्रज्ञांनी हेच केलं, फक्त रेघ दगडात दिसली पाहिजे ही अट घातली.

त्या अटीची पुढची पायरी मला सगळ्यात जास्त आवडते. नुसतं तक्त्यात रेघ मारून चालत नाही, जगात एक खरी जागा दाखवावी लागते, एक दरड, एक कडा, आणि त्यातला एक नेमका थर, की इथे, या बोटाखाली, हा काळ सुरू होतो. याला लोक गोल्डन स्पाइक म्हणतात, सोन्याचा खिळा. १९७२ मध्ये पहिली अशी जागा ठरली, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या क्लोंक इथे, सिलुरियन आणि डेव्होनियनची सीमा. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स पर्वतरांगेत एडिअकारन कल्पाच्या सुरुवातीला दगडात खरोखर एक धातूची चकती बसवली आहे. जागा निवडताना बघतात की थर सलग आहेत का, उघडे आहेत का, जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला तिथे जाता येईल का, आणि ती जागा पुढेही राखली जाईल का. शेवटची अट परत वाचा. जागा राखता येत नसेल तर थर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

भारताच्या वाट्याला असा एक खिळा आलाय. मेघालयात चेरापुंजीजवळ मॉम्लुह नावाची गुहा आहे, तिच्यातल्या जमिनीवरून वर वाढलेल्या चुन्याच्या खांबात साधारण ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस कमी झाल्याची खूण आहे आणि २०१८ मध्ये त्यावरून होलोसीनच्या शेवटच्या भागाला मेघालयन हे नाव मिळालं. म्हणजे हे वाचताना तुम्ही ज्या काळात बसलाय त्याचं अधिकृत नाव मेघालयन आहे. आपल्याकडे किती लोकांना हे माहितीये? माझ्या ओळखीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

कोकणात काय आहे असं विचाराल तर मी म्हणेन, उभं राहून पूर्वेला बघा. सह्याद्रीचा कडा हा लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे, आणि तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास वाहिला, बराचसा दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर. नेमक्या त्याच सुमाराला क्रिटेशस कल्प संपतो, डायनासोर जातात. तक्त्यात त्या शेवटाच्या आधी मास्ट्रिक्टियन एज, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट गावाचं नाव, आणि नंतर डेनियन, डेन्मार्कचं नाव. मधल्या सीमेचा खिळा ट्युनिशियात एल केफ इथे आहे, तिथल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम हा धातू सापडतो, उल्का पडल्याची खूण. आपला काळवत्री, म्हणजे त्या लाव्ह्याचा काळा दगड, या दोन्ही काळांत पाय ठेवून उभा आहे. जगभरात त्या विनाशाला उल्का किती जबाबदार आणि दख्खनचा लाव्हा किती यावर अजून भांडणं चालतात, आणि आपण त्याच लाव्ह्याची खडी करून रस्त्यावर पसरतो. खडी लागते, मान्य.

दक्षिणेला गेलात, रेडी-सावंतवाडीकडे, तर त्याहून कितीतरी जुने, २५० कोटी वर्षांच्याही आधीचे आर्कियन दगड आहेत, लोखंडाच्या खाणी त्यातल्याच. एका दिवसाच्या एसटीच्या प्रवासात तुम्ही आर्कियनपासून काल परवा साठलेल्या वाळूपर्यंत येता. एवढी पानं एका पट्ट्यात फार थोड्या ठिकाणी मिळतात.

आता सड्याबद्दल. काळवत्रीवर लाखो वर्षं पाऊस पडला, उष्णतेत दगड कुजला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहून तांबडा, भोकाभोकांचा जांभा झाला. खाणीतून काढला की मऊ, उन्हापावसात ठेवला की घट्ट, हे चिरेवाल्यांना कुठल्याही पुस्तकाच्या आधीपासून माहीत आहे. खरं तर जगाला हे त्यांनीच शिकवलं. फ्रान्सिस बुकानन याने १८०० च्या सुमाराला केरळात अंगडीपुरम इथे लोक जमिनीतून विटेसारखे दगड कापून काढताना बघितले आणि १८०७ च्या पुस्तकात लॅटिनमधल्या वीट या अर्थाच्या शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. आज जगभरच्या पुस्तकांत जो शब्द आहे तो चिरे काढणाऱ्या माणसांच्या कामावरून आलाय. अंगडीपुरमची ती जागा आज राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. आपल्याकडे तोच दगड मैलोनमैल पसरलाय आणि त्याची सरकारदरबारी ओळख दोनच ठिकाणी, सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून आणि गौण खनिजाच्या परवान्यात ब्रास म्हणून. अमुक इतके ब्रास, अमुक इतकी रॉयल्टी. तो किती काळाचा आहे, खाली काय आहे, पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा आणि आपल्या किनाऱ्याचा जांभा एकाच वयाचे का, असल्या प्रश्नांना त्या फॉर्मवर रकानाच नाही. जांभ्यातल्या लोखंडात त्या काळच्या चुंबकीय दिशेची खूण राहते, त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी दगड जागेवर असावा लागतो, मूळ जसा होता तसाच. कुंपणाला लावलेल्या चिऱ्यावरून ते कळत नाही.

पोटखराब म्हणजे पीक येत नाही एवढाच अर्थ आहे, महसुलाचा शब्द आहे, उगाच भावनिक होऊ नका असं मला एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं. बरोबर आहे, शब्द महसुलाचाच आहे. पण शब्द कागदावर राहत नाही, डोक्यात जातो. खराब म्हटलं की तिथे काहीही करायला मन मोकळं होतं. कातळशिल्पांचं बघा. बारसू, कशेळी, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी, हत्ती, मासे, माणसं, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी या सड्यावर कोरून ठेवली आणि गुरं चारणाऱ्यांना ती माहीत होती, पण जमीन खराब म्हणून बाकी कुणी बघायला गेलं नाही. रत्नागिरीतल्याच काही वेड्या माणसांनी सडे पायाखाली घातले तेव्हा २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीपर्यंत गेली. त्यातलं एकेक चित्र होलोसीनमधल्या माणसाने त्याहून कितीतरी जुन्या जांभ्यावर काढलंय आणि तो जांभा डायनासोरांच्या शेवटच्या दिवसांतल्या लाव्ह्यातून आलेला. अशा जागेला पोटखराब लिहायचं?

चिरेखाणीवर जगणाऱ्या माणसांच्या पोटावर पाय आणायचा माझा विचार नाही, माझं घर चिऱ्याचंच आहे. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, खाण नसती तर आत काय आहे ते दिसलंच नसतं. विल्यम स्मिथने १८१५ मध्ये इंग्लंडचा पहिला मोठा भूशास्त्रीय नकाशा काढला, तो काही प्राध्यापक नव्हता, कालव्यांच्या कामावर मोजणी करणारा माणूस होता. कालवे खणताना थर दिसले, त्याने ते आणि त्यातले शिंपले लिहून ठेवले. खणणं हा अभ्यासाचा शत्रू नाहीच. कोकण रेल्वेची ७४१ किलोमीटरची लाइन, महामार्गाचं चौपदरीकरण, परशुराम घाटातली कटिंग, किती डोंगर उभे चिरले गेले, आणि त्यातलं किती आपल्या गावातल्या पोरांना बघायला मिळालं? दरड पडू नये म्हणून वर सिमेंट मारणं भागच आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण सिमेंट मारायच्या आधी एक आठवडा मिळाला असता तरी जिल्ह्यातल्या कॉलेजच्या मुलांनी थर मोजून फोटो काढून ठेवले असते.

मार्च २०२४ मध्ये एक मोठी गोष्ट झाली. पॉल क्रुट्झन या रसायनशास्त्रज्ञाने २००० साली अँथ्रोपोसीन हा शब्द लोकांसमोर आणला होता, माणसाचा काळ, आणि एका गटाने बरीच वर्षं काम करून कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराच्या तळातला गाळ, त्यातलं अणुचाचण्यांचं प्लुटोनियम ही या काळाच्या सुरुवातीची खूण धरा असा प्रस्ताव मांडला. असे काळ ठरवणाऱ्या भूशास्त्रज्ञांच्या समितीने तो १२ विरुद्ध ४ मतांनी नाकारला. लगेच लोक म्हणायला लागले की बघा, माणसाने पृथ्वी बदलली हे शास्त्रज्ञच मान्य करत नाहीत. असं अजिबात झालेलं नाही. माणसाने बदल केले यावर वाद नव्हता, वाद होता की त्याची सुरुवात १९५० च्या आसपास एका रेघेवर दाखवायची का, शेती, जंगलतोड, वसाहती यांचा आधीचा सगळा पसारा त्या रेघेच्या अलीकडे टाकायचा का. मला तो नकार पटतो. रेघ मारायची तर ती दगडात नीट दिसली पाहिजे, घाईने मारली तर पुढच्यांचा गोंधळ होईल. ज्यांना एक रेघ मारायला पंधरा वर्षं वाद घालावासा वाटतो त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि आपण मात्र एका जेसीबीने एका दुपारी तेवढ्याच किमतीची रेघ पुसतो याचं वाईट वाटतं.

करता काय येईल? जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोकांची जैवविविधता नोंदवही करायची असते, झाडं, पक्षी, मासे, औषधी वनस्पती. तशीच दगडांची पानं त्याच वहीला जोडा, गावात कुठे कुठला दगड, कुठल्या विहिरीत किती फुटावर काय लागलं, कुठल्या पऱ्यात, ओढ्यात, कुठला थर उघडा आहे. विहिरी खणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे सगळं तोंडपाठ असतं आणि ती माणसं चाललीयेत. चिरेखाणीचा परवाना देताना एक अट घाला की खाण बंद करताना एक उभी बाजू, दहा फूट रुंद का होईना, बुजवायची नाही, आणि तिचे थर मोजून फोटोसकट तहसीलमध्ये द्यायचे. खाणमालकाचा यात एक दिवस जाईल. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, त्यात स्मारकं आणि मोठ्या जागांचा विचार आहे, तो हवाच, पण माझ्या काकांच्या विहिरीतलं पान कुठल्याही स्मारकाच्या यादीत कधी येणार नव्हतं. ते फक्त गावाच्या वहीत येऊ शकलं असतं. आणि शाळेत तो तक्ता पाठ करून घेण्याआधी मुलांना एकदा विहिरीच्या कठड्यापाशी न्या, बांधकाम व्हायच्या आत, आणि विचारा यातलं आधीचं कुठलं.

या एप्रिलमध्ये आमच्या वाडीत शेजाऱ्यांनी नवी विहीर घेतली. मी सुट्टी काढून चार दिवस गेले होते, दोरीला दर फुटावर गाठ मारून घेतली आणि खाली उतरणाऱ्या दादांना सांगितलं की रंग बदलला की हाक मारा. त्यांना आधी गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी तेच वरून सांगायला लागले की ताई, हा कालच्यापेक्षा वेगळा आहे, लिहा. जांभा सव्वीस फूट, मग पिवळसर माती चार, पांढरी-गुलाबी नऊ. काळा थर या विहिरीत लागला नाही, त्याआधीच पाणी आलं. प्रत्येक थराचा मूठभर नमुना जुन्या श्रीखंडाच्या डब्यांत ठेवलाय, वर तारीख आणि फूट लिहिलेत, काकांच्या माळ्यावर.